शिवारात दोन दिवस: कमी ठरवा, पण नीट ठरवा

शहराबाहेर काढलेले दोन दिवस फुकट जातात ते बहुधा एकाच कारणानं: त्यात चार दिवसांचा कार्यक्रम कोंबलेला असतो. सकाळी टेकडी, दुपारी धबधबा, चार वाजता सायकली, रात्री शेकोटी आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच पुढचं गाव. कागदावर सगळं छान बसतं. प्रत्यक्षात पहिल्याच ठिकाणी दीड तास उशीर होतो आणि उरलेला दिवस तो भरून काढण्यात जातो. पाय घसरणं, वाट चुकणं, पोरांची किरकिर, हे सगळं त्या घाईचं फळ. म्हणून खालच्या सगळ्या सूचनांचा पाया एकच आहे: दिवसाला एक मुख्य बेत, आणि त्याच्या अवतीभवती भरपूर मोकळा वेळ.

ठिकाण ठरवताना

आधी नकाशा नको, घड्याळ घ्या. दोन रात्रींसाठी जायचं असेल तर एका बाजूचा प्रवास चार तासांच्या आत संपायला हवा. त्याहून लांबचं ठिकाण कितीही सुंदर असलं तरी ते मोठ्या सुट्टीसाठी राखून ठेवा. मुक्कामही एकच ठेवा. रोज बिछाना बदलला की रोज सामान बांधण्यात सकाळचा सगळ्यात चांगला वेळ जातो.

मग बरोबर कोण आहे ते बघा. गटाचा वेग हा सगळ्यात सावकाश चालणाऱ्याचा वेग असतो. पाच वर्षांचं मूल किंवा गुडघे दुखणारे आजोबा बरोबर असतील तर ‘आम्ही पुढे जाऊन येतो, तुम्ही इथे बसा’ हा पर्याय ऐकायला सोपा वाटतो. पण गट फुटला की फोन लागत नाही, एकमेकांची वाट बघण्यात तास जातो आणि कुणीतरी रुसतं. सगळ्यांना झेपेल अशीच वाट निवडा. ज्यांना जास्त दमायचंय त्यांनी भल्या पहाटे आपलं वेगळं उरकून नाश्त्याला परत यावं.

आता नकाशा. समोच्चरेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) असलेला नकाशा वाचायला अर्ध्या तासात जमतो आणि आयुष्यभर पुरतो. रेषा जितक्या जवळजवळ, तितका चढ उभा. लांब लांब असतील तर पठार किंवा सपाट शेतजमीन. रेषांचा टोकदार कोन चढाच्या दिशेला वळलेला दिसला की तिथे ओढ्याची घळ आहे असं समजा. पावसाळ्यात ती वाट टाळायची.

त्या जमिनीवरून चालायची मुभा आहे का, हेही आधीच बघा. याबाबतीत देशोदेशी फार फरक आहे. स्वीडनमध्ये कुणाच्याही माळरानातून किंवा जंगलातून पायी जाण्याचा हक्क परंपरेनं सगळ्यांना आहे. स्कॉटलंडमध्ये २००३च्या जमीन सुधारणा कायद्यानं तसा हक्क दिला, अर्थात जबाबदारीनं वागण्याच्या अटीवर. बऱ्याच ठिकाणी मात्र कुंपण नसलं तरी रान कुणाच्या तरी मालकीचं असतं, आणि वनखात्याच्या हद्दीत परवाना लागतो.

मुक्कामाच्या जागी फोन करून काय विचारायचं

फोटो बघून खोली घेऊ नका, फोन करा. ‘जागा कशी आहे?’ असं मोघम विचारलंत तर ‘एकदम मस्त’ एवढंच उत्तर मिळेल. नेमकं विचारा. शेवटचा दोन-तीन किलोमीटरचा रस्ता कसा आहे, छोटी गाडी येते का? वीज जाते का, गेली तर किती वेळ? प्यायचं पाणी कुठून येतं? फोनला रेंज आहे का, आणि नसेल तर जवळात जवळ कुठे मिळते? सगळ्यात जवळचा दवाखाना किती लांब, आणि रात्री तिथे कुणी असतं का? आसपासच्या वाटा माहीत असलेलं कुणी बरोबर येऊ शकेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर हो असेल तर त्या माणसाला आधीच सांगून ठेवा आणि त्याचा मोबदलाही तेव्हाच ठरवा. कुठल्या खिंडीतून उतरायचं, कुठल्या पाणवठ्यावर संध्याकाळी जनावरं येतात, कुठली पायवाट पुढे झुडपात जिरते हे त्याला ठाऊक असतं; नकाशावर यातलं काही नसतं.

वेळेचा हिशेब: इथे कंजुषी नको

चालायला किती वेळ लागेल याचा अंदाज बहुतेक जण मनानं करतात आणि बहुतेकांचा चुकतो, कारण ते फक्त अंतर मोजतात. चढही मोजावा लागतो. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२मध्ये मांडलेला ठोकताळा अजूनही कामी येतो: सपाटीवर दर ५ किलोमीटरला एक तास, आणि चढून जायच्या दर ६०० मीटर उंचीला आणखी एक तास.

उदाहरण घेऊ. जाऊन-येऊन १० किलोमीटरची वाट आहे आणि एकूण चढ ४५० मीटर. अंतराचे २ तास, चढाची ४५ मिनिटं. झाले पावणेतीन तास. पण हा हिशेब धडधाकट, सवयीच्या माणसाचा, आणि न थांबता चालण्याचा. मिश्र गट असेल तर दीडपट करा, म्हणजे साधारण सव्वाचार तास. त्यात खाणंपिणं, फोटो, बुटातला खडा, ‘जरा टेकू या’ यांचा सव्वा तास. आपण साडेपाच तासांवर आलो. ‘दहा किलोमीटर तर आहे, दोन तासांत येऊ’ असं म्हणून दुपारी तीनला निघालेल्यांना अंधार कुठे गाठतो ते यावरून कळेल.

आता उलटीकडून मोजा. सूर्य साडेसहाला मावळत असेल तर मुक्कामी साडेचारला पोचायचं असं धरा. दोन तास शिलकीत. म्हणजे अकराला निघालात तरी चालेल, पण निघा आठला. उन्हाच्या आधी चढ संपतो आणि वाटेत एखादी जागा आवडली तर बसता येतं.

यात सगळ्यात महत्त्वाचा आकडा म्हणजे परत फिरायची वेळ. निघण्याआधी सगळ्यांच्या देखत ती ठरवा: ‘साडेबाराला जिथे असू तिथून मागे.’ माथा पंधरा मिनिटांवर दिसत असला तरी मागे. समोर माथा दिसत असताना हा निर्णय घ्यायला गेलं तर कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं. म्हणूनच तो खाली, थंड डोक्यानं घ्यायचा.

वाटेत घड्याळाशिवाय उजेडाचा अंदाज हवा असेल तर हात समोर लांब करून तळवा स्वतःकडे आडवा धरा आणि क्षितिज नि सूर्याच्या मध्ये किती बोटं बसतात ते बघा. एका बोटाला साधारण पंधरा मिनिटं, चार बोटांना एक तास. थेट सूर्याकडे टक लावू नका. ध्रुवाकडच्या प्रदेशांत सूर्य तिरका मावळतो, तिथे हा अंदाज फसतो. डोंगरांच्या मध्ये असाल तर सूर्य खऱ्या क्षितिजाच्या बराच आधी कड्याआड जातो. आणि विषुववृत्ताजवळच्या प्रदेशांत संधिप्रकाश फार टिकत नाही. सूर्य गेल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत पायाखालचं दिसेनासं होतं.

पाय आणि पाठ

नवे बूट घालून थेट डोंगरावर जाऊ नये हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी दर गटात कुणीतरी ते करतंच. बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय किंचित सुजलेले असतात. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, नाहीतर उतारावर नखं काळी पडतात. निघण्याआधी दोन आठवडे तेच बूट घालून रोज हिंडा. जमलं तर पाठीला थोडं वजन घेऊन जिने चढा आणि उतरा. मांड्या भरून येतात त्या उतरण्यानं.

पायाला फोड येण्याआधी त्या जागी गरम, चुरचुरल्यासारखं वाटतं. तेव्हाच थांबायचं. मोजा काढा, पाय कोरडा करा, चिकटपट्टी लावा. ‘पुढच्या थांब्यावर बघू’ म्हणालात की पुढच्या थांब्यावर फोड असतो.

कपड्यांचं थोडक्यात: सुती कापड घाम धरून ठेवतं आणि लवकर वाळत नाही, म्हणून थंडीवाऱ्यात ते नको. आत घाम बाहेर टाकणारा पातळ थर, त्यावर ऊब देणारा आणि सगळ्यात वर वारा-पाऊस अडवणारा. उंचीबरोबर दर १००० मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं, त्यामुळे खाली घामाघूम झालेला माणूस वर कुडकुडतो. कडक उन्हात मात्र सैल, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि रुंद काठाची टोपी.

मुक्कामाच्या भटकंतीत पाठीवरचं ओझं आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त नसावं. दिवसभराच्या पिशवीचं तर त्याहून बरंच कमी. जड वस्तू पाठीला चिकटून, खांद्यांच्या पात्यांच्या आसपास येतील अशा भरा. सॅकवरच्या पावसाच्या आवरणावर फार विसंबू नका, पाणी पाठीच्या बाजूनं शिरतंच. आत एक मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी घालून त्यात सामान भरलं की प्रश्न मिटतो. विजेरी, शिट्टी, काडेपेटी, चिकटपट्टी, कपड्यांचा एक कोरडा जोड आणि जरुरीपेक्षा थोडं जास्त खाणं एवढं छोट्या फेरीतही असू द्या. विजेरी डोक्याला बांधायची घ्या. मोबाइलचा दिवा ही विजेरी नव्हे.

फोन आणि निरोप

फोनमधलं जीपीएस रेंजशिवाय चालतं, हे अनेकांना ठाऊक नसतं. त्याला लागतात ते उपग्रह, मोबाइलचा मनोरा नाही. त्यामुळे घरून निघतानाच त्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या आणि चालताना फोन फ्लाइट मोडवर टाका. रेंज शोधत राहिल्यानं बॅटरी भराभर खाल्ली जाते. थंडीत फोन आतल्या खिशात ठेवा, गारठ्यानं बॅटरी झपाट्यानं उतरते.

घरी राहिलेल्या एका माणसाला लेखी निरोप द्या: कुठली वाट, कोण कोण, कधी परत, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं. हे शेवटचं वाक्य लोक गाळतात, आणि काळजी करणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

अडचण आलीच तर ११२ हा आपत्कालीन क्रमांक भारतात, युरोपीय संघात आणि इतर अनेक देशांत चालतो. रेंज कमजोर असताना बोलणं होत नाही, पण साधा मेसेज बऱ्याचदा जातो. त्यात अक्षांश-रेखांश लिहा. दशांशानंतर चार आकडे लिहिले तरी जागा सुमारे दहा मीटरपर्यंत नेमकी कळते. शिट्टीची खूण अशी: एका मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर शांत, पुन्हा सहा. उत्तर देणारा मिनिटाला तीनदा वाजवतो. शिट्टीचा आवाज ओरडण्यापेक्षा लांब जातो आणि घसाही बसत नाही.

चालायला लागल्यावर

पहिली वीस मिनिटं मुद्दाम सावकाश चाला. गप्पा मारताना धाप लागत असेल तर वेग जास्त आहे. वाट माहीत असलेला पुढे, दमदार माणूस सगळ्यात मागे, आणि मागच्याच्या पुढे कुणीही असावं पण मागे कुणी नसावं. फाटा आला की सगळे येईपर्यंत थांबायचं. आणि मागे राहिलेला आला रे आला की पुढच्यांनी लगेच उठून चालू पडायचं नाही. विश्रांतीची खरी गरज त्यालाच असते.

अधूनमधून मागे वळून वाट कशी दिसते ते बघा. परतताना तीच वाट उलटी दिसणार आहे. माणसांच्या पायवाटेला ढोरवाटा फुटतात तिथे फसगत ठरलेली. ढोरवाट झाडाखालून वाकून जाते, मध्येच फाटे फोडते आणि चाऱ्याच्या किंवा पाण्याच्या दिशेनं जिरते. कमरेच्या वर फांद्या अंगाला लागायला लागल्या की समजा, आपण जनावरांच्या वाटेवर आलो. वाट चुकल्याची शंका आली की उतार धरून ‘खाली कुठेतरी निघेल’ म्हणत जाऊ नका. त्या उताराच्या शेवटी बऱ्याचदा कडा किंवा ओढ्याची अडचण असते. ज्या जागेबद्दल शेवटची खात्री होती तिथपर्यंत मागे जा.

आभाळ

वादळी विजेचं गणित सोपं आहे. आवाज एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद घेतो. चमकलं की मोजायला लागा. गडगडाट तीस सेकंदांच्या आत आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे पुढची तुमच्याजवळही पडू शकते. माथा, धार, मोकळं माळरान, पाणी यांपासून लगेच दूर व्हा. एकट्या उंच झाडाखाली आसरा घेणं सगळ्यात वाईट. तंबू आणि चार खांबांवरचं छप्पर यांनीही संरक्षण मिळत नाही. पक्कं घर चांगलं, नाहीतर पत्र्याच्या टपाची, काचा बंद केलेली गाडी. कुठलंच काही नसेल तर सखल भागात उतरा, एकमेकांत अंतर ठेवा, म्हणजे एका विजेनं सगळे जायबंदी होणार नाहीत. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. ऊन पडलं म्हणून दहा मिनिटांत निघू नका.

पाणी: प्यायचं आणि ओलांडायचं

खळाळतं, थंडगार, काचेसारखं पाणी बघून ओंजळ पुढे होतेच. पण वर कुठे मेलेलं जनावर पडलंय हे खाली दिसत नाही. पाणी आधी फडक्यातून गाळा आणि मग उकळा. खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट, आणि २००० मीटरच्या वर असाल तर तीन मिनिटं, कारण तिथे पाणी कमी तापमानाला उकळतं. गोळ्या वापरणार असाल तर पाकिटावर लिहिलेला वेळ पूर्ण होऊ द्या. उकळल्यानं जंतू मरतात, कीटकनाशकं जात नाहीत. म्हणून फवारणी झालेल्या शेताखालचं आणि हिरवा तवंग आलेलं पाणी वापरूच नका.

ओढा ओलांडताना खोलीपेक्षा वेग बघा. जोरात वाहणारं घोट्याच्या जरा वरचं, १५ सेंटिमीटर पाणीही मोठ्या माणसाला पाडू शकतं; ३० सेंटिमीटर छोटी गाडी तरंगवतं आणि ६० सेंटिमीटर बहुतेक गाड्या वाहून नेतं. आधी वरच्या अंगाला पाऊस चालू आहे का ते बघा. पाणी एकाएकी गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून यायला लागला किंवा आवाज वाढला तर लोंढा येतोय असं समजून काठ चढा. तुमच्या डोक्यावर निरभ्र आकाश असलं तरी त्याला अर्थ नाही.

ओलांडणं गरजेचं आणि शक्य असेल तर पात्र जिथे रुंद आणि उथळ आहे तिथून ओलांडा. अरुंद जागा जवळची दिसते, पण तिथेच धार जोरात असते. बूट काढू नका. सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडून ठेवा. पडलात तर ओझं झटकन टाकता यायला हवं. तोंड प्रवाहाकडे, काठी पुढे टेकवलेली, एका वेळी एकच पाय उचला. गुडघ्याच्या वर पाणी जायला लागलं की मागे फिरा.

डोहात सूर मारू नका. वरून खोल दिसणाऱ्या पाण्यात खडक कुठे आहे ते कळत नाही, आणि धरणाखालच्या नदीत पाणी न सांगता वाढू शकतं.

गावाच्या हद्दीत

फाटक उघडं असेल तर उघडं आणि बंद असेल तर बंद ठेवा. जनावरं कुठे सोडायची, कुठे नाही हे ठरवूनच ते तसं ठेवलेलं असतं. बांधावरून एकामागे एक चाला. उभ्या पिकातून दहा जण गेले की फोटो चांगला येतो आणि कुणाचं तरी पीक आडवं होतं. वासरू आणि गाय यांच्या मध्ये कधीही जाऊ नका, लांबून वळसा घाला. राखणीचं कुत्रं भुंकत आलं तर पळू नका. थांबा, नजर न रोखता शांतपणे बाजूला सरका. त्याचा मालक सहसा जवळच असतो.

माणसांचे फोटो विचारून काढा, लहान मुलांचे त्यांच्या आईबापांना विचारून. ड्रोन उडवण्याआधी कायद्यानं परवानगी लागते का ते बघा आणि गावालाही विचारा. ड्रोनला बुजलेल्या जनावरांमागे धावणं तुमच्या नाही, गावाच्या वाट्याला येतं. गाण्यांचा स्पीकर घरीच ठेवा. या एका वस्तूवर माझा खास राग आहे.

उघड्यावर शौचाला जायची वेळ आली तर पाण्यापासून आणि वाटेपासून निदान ६० मीटर लांब, म्हणजे ऐंशी-एक पावलं, १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा करा आणि मातीनं बुजवा. त्या थरात जिवाणू भरपूर असतात म्हणून खोली एवढीच. ओले टिश्यू आणि सॅनिटरी पॅड पुरू नका, बंद पिशवीत घालून परत आणा. फळांच्या सालीही आणा.

नुसतं बसणं

ठरवलेल्या मोकळ्या वेळेत काय करायचं, असं कुणी विचारेल. उजाडल्यानंतरचे पहिले दोन तास पक्षी सगळ्यात जास्त बोलतात. त्या वेळी पाण्याच्या जवळ, झाडाला टेकून वीस मिनिटं हालचाल न करता बसा. पहिली पाचेक मिनिटं काहीच घडत नाही, कारण तुमच्या येण्यानं सगळे दडलेले असतात. मग एकेक जण कामाला लागतो. दुर्बीण घेणार असाल तर ८ बाय ४२ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं असलेली. जास्त मोठं दाखवणारी दुर्बीण हातात स्थिर राहत नाही.

मुलं बरोबर असतील तर त्यांना पाणवठ्याकाठचा चिखल वाचायला लावा. चार बोटं आणि पुढे नखांच्या टिकल्या दिसल्या तर तो बहुधा कुत्रा, कोल्हा, लांडगा यांपैकी कुणीतरी. मांजरकुळातलं जनावर चालताना नखं आत ओढून घेतं, त्यामुळे त्याच्या ठशात नखं नसतात आणि ठसा गोलसर असतो. कडा धारदार आणि तळ ओला चकचकीत असेल तर ठसा ताजा. कडा ढासळून आत पालापाचोळा पडला असेल तर जुना. वर पावसाच्या थेंबांच्या खळग्या असतील तर जनावर पावसाआधी येऊन गेलंय. एवढ्या माहितीवर पोरं तासभर रमतात.

रात्र

तंबू कोरड्या ओढ्याच्या पात्रात नको, वाळक्या फांद्यांखाली नको आणि खोलगट जागीही नको. गार हवा जड असते, ती खाली साचते. किंचित उंचवट्यावर, दार वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला. अंगावर किती घेता त्यापेक्षा अंगाखाली काय आहे याला जास्त महत्त्व आहे, कारण जमीन रात्रभर ऊब खेचून घेते. पांघरुणाचं वजन कमी करा, पण खालची मॅट सोडू नका. तंबूच्या आत स्टोव्ह किंवा निखारे कधीच न्यायचे नाहीत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेला माणूस झोपेतच दगावतो.

शेकोटी परवानगी असेल तिथेच, आधीच्या राखेच्या जागी, मनगटाहून जाड नसलेल्या पडीक काटक्यांची. भोवती नदीतले दगड लावू नका. आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटू शकतात. विझवताना पाणी ओता, ढवळा, पुन्हा ओता, आणि उलटा हात जवळ नेऊन ऊब लागत नाही ना ते बघा.

खरं तर तारे बघायचे असतील तर शेकोटी विझवूनच टाका. डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि फोनच्या पडद्यावर एक नजर टाकली की ती मोडते. विजेरीवर लाल कागद लावा. सहल अमावास्येच्या आसपास ठेवलीत तर आकाशगंगेचा पट्टा दिसेल. उत्तर गोलार्धात शरदाच्या स्वच्छ रात्री देवयानी दीर्घिका (अँड्रोमेडा, आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा प्रचंड समूह) नुसत्या डोळ्यांनी धुरकट ठिपक्यासारखी दिसते. तो प्रकाश सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला. तिच्याकडे रोखून बघितलं तर ती नाहीशी होते. नजर किंचित बाजूला ठेवली की उमटते, कारण मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी नसतात, कडेला दाट असतात. उल्कावर्षाव हवा असेल तर १२-१३ ऑगस्ट किंवा १३-१४ डिसेंबरच्या रात्री बघा, मध्यरात्रीनंतर.

दुखलं-खुपलं तर

साप चावला तर जखम कापू नका, चोखू नका, घट्ट आवळू नका, बर्फ लावू नका. अंगठ्या, घड्याळ, पैंजण काढा, कारण सूज येते. तो हात किंवा पाय फळीला बांधावा तसा स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका आणि प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात न्या. सापाला शोधत बसू नका.

मधमाश्या उठल्या तर तोंड झाकून पळा, घरात किंवा गाडीत शिरा. पाण्यात उडी मारू नका, त्या वर वाट बघतात. नांगी कशी काढता यापेक्षा किती लवकर काढता ते महत्त्वाचं. ओठ-जीभ सुजली किंवा श्वास लागला तर थेट दवाखाना.

उन्हात कुणी दमून, चक्कर येऊन बसलं तर सावली, पाणी आणि मीठ-साखर: एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, छोटे चमचे. पण तो असंबद्ध बोलायला लागला, वागण्यात घोळ दिसला तर तो उष्माघात समजा. आधी अंगावर पाणी ओतून, वारा घालून गार करायला घ्या आणि त्याच वेळी मदत बोलवा. भिजलेल्या, गारठलेल्या माणसाचं बोलणं अडखळायला लागलं, बोटं ऐकेनाशी झाली तर ओले कपडे काढून कोरडे घाला, गुंडाळा. हे फक्त बर्फातच होतं असं नाही, दहा अंशांत वाऱ्या-पावसातही होतं.

परतताना

निघण्याआधी बुटांचा चिखल तिथेच ब्रशनं झाडा. त्यातून तणाचं बी आणि झाडांच्या रोगाची बुरशी दुसऱ्या रानात जाते. तंबू ओला बांधलात तर घरी पोचल्याबरोबर पसरून वाळवा, नाहीतर आठवड्यात बुरशी धरते. पोचल्याचा फोन त्या घरी राहिलेल्या माणसाला करा, नाहीतर तो ठरलेल्या वेळी खरंच मदत बोलवेल.

आंघोळीच्या वेळी काखा, जांघा, गुडघ्यांच्या मागची बाजू, कानांमागे आणि केसांत गोचीड आहे का ते बघा. सापडली तर बारीक चिमट्यानं कातडीला अगदी टेकून पकडा आणि सरळ, सावकाश ओढा. तेल, काडी, रॉकेल यांचे प्रयोग करू नका. पुढच्या काही आठवड्यांत ताप आला किंवा चावलेल्या जागेभोवती लाल चकंदळ पसरायला लागलं, तर डॉक्टरांकडे गेल्यावर कुठे आणि कधी हिंडून आलात ते आपणहून सांगा. त्यांनी विचारायची वाट बघू नका.